तरस अजून आहे

भरे, ता. मुळशी
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मॅडम,

अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवणार असाल, तर त्याआधी हे पहिलं पान तरी वाचा. सात वर्षांनी लिहितेय.

तुमचा फोन लागत नाही आणि मेल परत येते. शेवटी विभागातल्या कैलासमामांना गाठलं. अजूनही तेच प्रयोगशाळेच्या किल्ल्या सांभाळतात. त्यांनी देवरुखचा पत्ता दिला. म्हणाले, "मॅडम निवृत्तीनंतर धाकट्या बहिणीकडे राहतात. बागेत असतात. माणसांशी फारसं बोलत नाहीत." शेवटचं वाक्य त्यांनी पदरचं घातलं असावं.

मी दिवाळीला भरेला मामाकडे आले, ती अजून इथेच आहे. हैबतमामा आठवत असतील तुम्हाला. त्यांच्या ओट्यावर बसून आपण डबे खायचो आणि ते तुम्हाला 'तरसवाल्या बाई' म्हणायचे. रत्नामामी परवा विचारत होती, "त्या बाईंचं गुडघं बरं हायेत का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तिला ते आवडलं नाही.

लिहायचं कारण लहानसं आहे. भोकरीच्या खडकामागे सहज फिरायला गेले होते. तिथल्या कपारीत तरसाची विष्ठा दिसली. पांढरी, कोरडी, हाताला खडूसारखी. तुमच्या पेपरप्रमाणे २०१९ च्या पुढे या भागात तरस उरायला नको. म्हणजे ती जुनीच असणार. कपारीत पाऊस लागत नसेल, तर अशी विष्ठा किती पावसाळे टिकू शकते?

एवढंच विचारायचं होतं. तब्येत जपा.

तुमची
वैष्णवी ढमाले

*

देवरुख
१८ नोव्हेंबर २०२४

वैष्णवी,

पत्र वाचलं, सगळी पानं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुला येतं, कारण ते मीच तुला शिकवलं आहे. उघड्यावर ती एका पावसाळ्यात विरघळते. कपारीत बराच काळ राहते, पण तिच्या कडा झडतात आणि तिच्यावर कोळ्यांची जाळी धरतात. तुझ्या पत्रात जाळ्यांचा उल्लेख नाही. फोडून पाहिलीस का? आत काय होतं?

आता माझे प्रश्न. भोकरीच्या खडकामागे कोणी सहज फिरायला जात नाही. तिथे करवंदीचे काटे आहेत आणि दुपारचं ऊन आहे. कोणाच्या कामासाठी गेली होतीस? आणि त्यांना तिथे काय सापडायला हवं आहे, किंवा काय सापडायला नको आहे?

शा. लिमये

ता. क. रोहिणी म्हणते, इतकं तुटक लिहू नये. म्हणून तिच्या समाधानासाठी: उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया याच महिन्यात झाली. यंदा सुपारी गळाली. बाकी ठीक.

*

भरे
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मॅडम,

तुम्हाला कळणार हे मला लिहितानाच कळत होतं. तरीही आधी तसं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तुम्ही पुढे वाचलं नसतंत असं वाटलं.

मी अजून त्याच कंपनीत आहे. पीएच.डी. अर्धी टाकून गेले तीच, प्रकल्पांचे पर्यावरण अहवाल करून देणारी. जाताना तुम्ही मला म्हणाला होतात, "आता पैसे देणाऱ्याला हवा असेल तो प्राणी तू शोधशील, आणि त्याला नको असेल तो तुला दिसणार नाही." मी तेव्हा दार लावून निघून गेले. ते वाक्य मला पाठ आहे.

भोकरीच्या खडकापासून खालच्या बंद पडलेल्या जुन्या खाणीपर्यंत नवी दगडखाण होणार आहे. सोबत खडी क्रशर. त्यातला मोठा तुकडा हैबतमामांचा आहे. हे मी आमच्या निषादसरांना पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हटलं, माझ्या घरचं यात आहे, हे काम दुसऱ्या कोणाला द्या. ते म्हणाले, "मग तर सोपं झालं, गावात कोणी अडवणार नाही." अहवालाचा मसुदा मी इथे पोचायच्या आधीच तयार होता. वन्यजीवांच्या भागात एक वाक्य आहे, तुमच्यासाठी उतरवते: 'सदर परिसरातील तरसाचे अस्तित्व संपुष्टात आले आहे (लिमये, २००९).'

मला फक्त प्रत्यक्ष पाहणी केल्याच्या तारखा घालायच्या होत्या.

विष्ठा फोडून पाहिली. जाळी नव्हती, कडा शाबूत होत्या. आत गुरांचे केस नव्हते. पिसं होती मॅडम, कोंबडीची पिसं, आणि बारीक हाडांचा भुगा.

मामांना जेवताना विचारलं, "मामा, खडकाकडं तरस बघितलंय का एवढ्यात?"

"न्हाई."

"लगेच न्हाई म्हणालात."

"मग इचार करून न्हाई म्हणू का? त्या खडकावर कुसळं उगवत्यात निसती. आज्यापास्नं त्याचा कुनाला काय उपेग झाला न्हाई. आता कुटं कागद हाललाय. हितं तरस न्हाई न् काय न्हाई. भात घे."

मामी आतून म्हणाली, "माझ्या माह्यारी क्रशर हाय. ताट वाढलं की धुरळा येतुया ताटात. तेवडं बी इचारा तुमच्या मामाला."

मामांनी भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

मी माझा स्वतःचा ट्रॅप कॅमेरा कपारीच्या समोर बांधला आहे. ऑफिसला सांगितलेलं नाही. अजून एक मुंगूस आणि गावातली दोन कुत्री एवढंच आलंय. काही मिळालं नाही तर मी तारखा घालून मोकळी होईन. मिळालं तर काय करायचं ते मला कळत नाही. कारण मग मला पहिल्यांदा तुमचंच वाक्य खोडायला लागेल, आणि तुमच्या आयुष्यभराच्या कामावर ते वाक्य उभं आहे.

वैष्णवी

*

भरे
१९ डिसेंबर २०२४

आदरणीय मॅडम,

सोबत तीन फोटो आहेत. कागदावर छापून घेतले, कारण कैलासमामा म्हणाले तुम्ही स्क्रीनवर काही बघत नाही.

पहिल्यात तरसाची मादी एकटी आहे. अंगावरचे पट्टे, उतरती पाठ, मानेवरची आयाळ अर्धी उभी. मग कॅमेरा खाली हलवला; दुसऱ्यात ती जुन्या खाणीच्या तोंडाशी आहे. तोंडात पांढरी कोंबडी. आणि तिसऱ्यात ती एकटी नाही. दोन पिल्लं आहेत. एक तिच्या पोटाखाली आणि एक सरळ कॅमेऱ्याकडे बघतंय.

कोंबड्या कुठून येतात तेही कळलं. खालच्या अंगाला पोल्ट्रीच्या शेड आहेत, तुमच्या वेळी नव्हत्या. तिथली मेलेली कोंबडी मागच्या ओढ्यात टाकतात. रोज. गावातली गुरं संपली तसं तरसांनी ओढा धरला. आणि बिळासाठी बंद खाण, तिकडे कोणी फिरकत नाही.

फोटो निषादसरांना दाखवले. ते बराच वेळ बघत बसले. वाईट माणूस नाहीत ते. म्हणाले, "सुंदर आहेत. पण हे अहवालात गेलं तर क्लायंट दुसरी कंपनी बघेल, आणि ती कंपनी डॉ. लिमयेंचाच पेपर लावेल. तुझे तीन फोटो एकीकडे आणि जगभर मान्य झालेला पेपर एकीकडे. कोणाचं ऐकतील?"

मी तरी माझ्या भागात फोटो घातले. अंतिम अहवाल आला तेव्हा ते त्यात नव्हते. तुमचं वाक्य होतं.

जनसुनावणी २१ जानेवारीला आहे.

मॅडम, मी तुमच्याकडे काय मागतेय ते तुम्हाला कळलं असेल. मागायची माझी पायरी नाही. फक्त बघा आणि सांगा, हे तरस आहे ना? कधीकधी मला स्वतःवरच शंका येते.

वैष्णवी

*

भरे
६ जानेवारी २०२५

आदरणीय मॅडम,

पोस्टात चौकशी केली, फोटोचं पाकीट तुमच्याकडे पोचलं आहे. तुमचं उत्तर नाही. त्याचा अर्थ मी लावत बसत नाही.

मी राजीनामा दिला. फोटो, जागेचा नकाशा आणि विष्ठेचे नमुने सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांकडे माझ्या नावाने पाठवले. पोचपावती आली आहे.

मामांना हे बाहेरून कळलं. त्यांनी मला घरातून जा म्हटलं नाही. ताट आलं की फक्त तोंड भिंतीकडे करून बसतात. सायली, त्यांची मुलगी, दोघांमध्ये निरोप्याचं काम करते. "दीदी, बाबा म्हणतात मोटर बंद कर." मी दीड हातावर बसलेली असते.

तुम्ही रागावला असाल तर तसं लिहा. ते मला झेपेल.

वैष्णवी

*

देवरुख
११ जानेवारी २०२५

प्रिय वैष्णवी,

रागावलेली नाही. आधी हे वाच, मग पुढचं.

पाकीट आलं त्या दिवशी मी पहिला फोटो बघितला आणि मनात म्हटलं, हा कुठल्यातरी दुसऱ्या तालुक्यातला असेल. पोरीला कोणीतरी फसवलं. फोटो पाकिटात घालून कपाटात ठेवले. शास्त्रज्ञ बाईचं हे पहिलं वागणं. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन पुन्हा काढले. तरसाकडे बघितलंच नाही, मागच्या दगडाकडे बघितलं. त्या कपारीच्या डाव्या अंगाला भोकराचं मूळ दगडात शिरून दोन फांट्यांनी बाहेर आलं आहे. त्या मुळाला पाठ टेकून मी किती संध्याकाळी बसले असेन. म्हणजे जागा तीच. मग तरसाकडे बघितलं, मग पिल्लांकडे. रोहिणी धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून रडत होते आणि तिला नीट सांगताही येईना की वाईट काही झालेलं नाही.

तुला लगेच लिहायला हवं होतं. बसायचे आणि पान कोरं राहायचं. आता लिहिते.

मी पहिल्यांदा मुळशीत आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. नेऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत पायी फिरायचे. गावात गुरढोर मेलं की गावाबाहेर माळावर टाकत आणि तिन्हीसांजेला तरस येई. लोक त्याला हाकलत, शिव्या देत, पोरांना त्याची भीती घालत. मला ते आवडलं. दुसऱ्याने टाकलेलं खाऊन निमूट जगणारा प्राणी, त्यात भीती वाटण्यासारखं काय आहे ते मला कळेना. पुढची वर्षं मी त्याच्याच मागे घालवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत बिळं रिकामी होत गेली. जमिनी विकल्या, गोठे पडले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. मेलेलं जनावर माळावर येईना. मी मोजलं, आलेख काढले आणि २००९ मध्ये लिहिलं की गुरं संपली की दहा वर्षांत इथलं तरस संपेल.

मोजण्यात चूक नव्हती. मी धरून चालले होते की त्याला दुसरं काही खाता येणार नाही. इतकी वर्षं ज्याला बघितलं त्याला मी इतकं कमी ओळखलं.

त्या निबंधाने मला नाव दिलं. परदेशांतून बोलावणी आली. इथियोपियातल्या एका गटाने माझी पद्धत तिथल्या गावांना लावली. पुस्तकांत धडा झाला. सभांमध्ये ओळख करून देत, "मुळशीतल्या तरसाच्या अखेरीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. लिमये," आणि लोक टाळ्या वाजवत, आणि मी उठून उभी राहत असे. वैष्णवी, मी ज्याला जीव लावला त्याच्या मरणाबद्दल त्या टाळ्या होत्या. घरी येऊन मला जेवण जात नसे. दर वर्षी वाटायचं, कोणीतरी उठेल आणि म्हणेल, बाई, तुमचं चुकलं, आम्ही बघितलं. कोणी आलं नाही. कसं येणार? ज्याने मुळशीत काम करायचं म्हटलं त्याला सांगत, तिथे आता काय आहे, लिमयेंचा पेपर वाच. माझा प्रभाव, प्रभाव म्हणतात तो एवढाच झाला की लोक त्या खडकाकडे बघायचे थांबले.

निवृत्त झाल्यावर मी मेलखातं बंद केलं ते याचसाठी. कोणी शेवटचं तरस मेल्याची बातमी पाठवेल, ती मला नको होती.

आणि तू कोंबडी तोंडात धरलेली बाई पाठवलीस.

मला किती हलकं वाटतंय ते तुला सांगून कळणार नाही. काल मी बागेत गुणगुणत होते असं रोहिणी म्हणते. तिच्या म्हणण्याप्रमाणे हे अठ्ठ्याऐंशी सालानंतर पहिल्यांदा झालं. ती अतिशयोक्ती करते.

डॉक्टर अजून घाटाच्या प्रवासाला परवानगी देत नाहीत, म्हणून सुनावणीला येता येणार नाही. निवेदन सोबत जोडलं आहे, सहीनिशी. एक प्रत थेट अधिकाऱ्यांना गेली आहे. जर्नललाही लिहिलं आहे की माझ्या निबंधाचा निष्कर्ष दुरुस्त करा, आणि दुरुस्तीच्या आधारात पहिलं नाव तुझं घाला.

मी तुला जे वाक्य म्हणाले होते ते पाठ ठेवण्यासारखं नव्हतं. आता ते सोडून दे.

तुझी
शारदा लिमये

*

भरे
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मॅडम,

निर्णय येईपर्यंत लिहायचं थांबले होते. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझा गोंधळ होईल.

सुनावणी शाळेसमोरच्या मांडवात होती. गाव बरंच आलं होतं, जमिनी असलेले पुढच्या खुर्च्यांवर, वरच्या वाडीवरची माणसं मागे सतरंजीवर. मामा पुढे होते. मी बाजूला, मामीजवळ. कंपनीच्या वतीने निषादसर आले नाहीत, दुसराच एक गृहस्थ होता. त्याने पडद्यावर नकाशे दाखवले, किती लोकांना काम मिळेल ते सांगितलं आणि वन्यजीवांवर आला तेव्हा म्हणाला, "नामवंत संशोधक डॉ. शारदा लिमये यांच्या अभ्यासानुसार इथे तरस अस्तित्वात नाही."

अधिकारी बाई होत्या. त्यांनी चष्मा लावला. म्हणाल्या, "त्याच डॉ. लिमये यांचं पत्र माझ्यासमोर आहे. वाचून दाखवते."

तुम्ही लिहिलं होतं, 'तो निबंध मी लिहिला. या जागेपुरता त्याचा निष्कर्ष चुकला आहे आणि मला त्याचा आनंद आहे. तरस आहे, त्याला पिल्लं आहेत. माझ्या नावाच्या आधाराने कोणी ते नाही असं म्हणत असेल, तर त्यांनी कृपया माझं नाव काढून स्वतःचं घालावं.'

मांडवात कुजबुज झाली. मागून कोणीतरी हसलं. तो गृहस्थ म्हणाला, "मॅडमचं आता वय झालं आहे. त्या इथे आल्या नाहीत, जागा बघितली नाही. फोटोवर विसंबून लिहिलंय. आणि फोटोचं काय, आजकाल कॉम्प्युटरवर काहीही तयार होतं. या ताईंनी आमच्याकडची नोकरी नुकतीच सोडली आहे, त्यांचा काही राग असू शकतो."

मी उत्तर द्यायला उठत होते. तेवढ्यात पुढच्या रांगेत खुर्ची सरकली. हैबतमामा उभे होते.

"बाई, मी बोलू का?"

"नाव सांगा."

"हैबतराव. खडक माझा हाय. आन ती पोरगी माझी भाची हाय. तिचं न् माझं सद्या पटत न्हाई, ते घरातलं हाय. पर ती खोटे फोटू करनारी न्हाई. तरस तितं दोन वरसं हाय. मी बघितलंय. ह्या टायमाला पिल्लं बी हायेत."

अधिकारी बाईंनी विचारलं, "मग तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

"हिनं एकदा इचारलं व्हतं. तवा न्हाई म्हनलो."

लोक हसले. मामा हसले नाहीत.

"तुम्हाला खाण हवी आहे की नको?"

"हवी हाय की. का नको? पर हाय त्याला न्हाई मी कसं म्हनू. त्यो मानूस आमच्या पोरीला खोटं म्हनतुया, आन मी बसून ऐकू?"

आणि ते खाली बसले. मामीने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. तेव्हा कळलं की मी रडतेय.

त्यानंतर वाडीवरची लिलाबाई उठली आणि क्रशरमुळे वाडीचं पाणी जाईल, त्याबद्दल बोलली. तिच्या मागून आणखी चारपाच जण बोलले. काही खाणीच्या बाजूनेही बोलले, आणि त्यांचंही काही चूक नव्हतं. तरुण पोरांना कामासाठी पिरंगुट नाहीतर हिंजवडीला जावं लागतं. अधिकारी बाईंनी सगळं लिहून घेतलं. काल त्यांचा निर्णय आला. अहवाल परत पाठवला आहे. सगळे ऋतू धरून स्वतंत्र पाहणी व्हायची, आणि तोवर खडक आणि जुनी खाण सोडून द्यायची. खाण कायमची टळली असं मी म्हणत नाही. पण ती पिल्लं मोठी होईपर्यंत तिथे सुरुंग लागणार नाही.

स्वतंत्र पाहणी विद्यापीठाकडे गेली आहे. त्यांनी मला विचारलंय, अर्धं राहिलेलं काम पुरं करणार का. मी हो म्हटलं. तुमच्या परवानगीची वाट बघितली नाही.

सुनावणीहून घरी आलो. मामा जेवायला बसले, तोंड भिंतीकडे नव्हतं. अर्धं जेवण झाल्यावर म्हणाले, "तुज्या बाईंला लिव. म्हनावं गुडघं बरं झालं की येवा. तरस हाय तवर बघून जावा."

मी म्हटलं, "मामा, तुमचा तोटा झाला."

"व्हय, झाला," ते म्हणाले. "भाकर दे."

मॅडम, गेले दोन महिने छातीवर काहीतरी दाबून बसलं होतं. काल सकाळी जाग आली तेव्हा ते नव्हतं.

तुमची
वैष्णवी

*

देवरुख
३० मार्च २०२५

प्रिय वैष्णवी,

भरेहून सुखरूप पोचले. चिपळूणपर्यंत एसटीत बसायला जागा मिळाली, पुढे एका कॉलेजच्या मुलीने उठून दिली. गुडघ्याने कुरकुर केली, पण भोकरीच्या खडकापर्यंत नेलं आणि परत आणलं, मग मी त्याला काही बोलले नाही. रत्नाबाईंनी बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा रोहिणीने एका बैठकीत संपवला. मला तुकडा मिळाला.

तिथे असताना मी फार बोलले नाही, तू ते लक्षात आणून दिलंस. आता सांगते. ऊन उतरल्यावर ती खालच्या खाणीतून बाहेर आली, अंग ताणलं, आपल्याकडे एकदा बघितलं आणि ओढ्याकडे निघून गेली. मागून दोन्ही पिल्लं अडखळत बाहेर आली आणि एकमेकांच्या शेपट्या चावू लागली. हैबतराव तुझ्या शेजारी बसून हळूच म्हणाले, "बघा, कसं ऐटीत चाललंय." माझ्या मनात त्या वेळी एकही विचार नव्हता. इतकी वर्षं त्या प्राण्याकडे बघताना मी मनात काही ना काही मोजत असे. त्या संध्याकाळी नुसतं बघितलं.

जर्नलचं उत्तर आलं. माझ्या निबंधाच्या वर आता कायमची एक टीप राहील: मुळशीबद्दलचा निष्कर्ष नव्या पुराव्याने रद्द, ढमाले, २०२५. मी ती रोहिणीला मोठ्याने वाचून दाखवली. ती म्हणाली, "तीस वर्षं उन्हातान्हात फिरलीस त्याचं हे मिळालं?" मी म्हटलं, हो. तिने आत जाऊन शिरा केला. बहुतेक तिला कळलं.

आता तुझ्या कामाचं. पहिलं प्रकरण वाचलं. 'असे सूचित होते' हे शब्द सात ठिकाणी आहेत. तू बघितलं आहेस ना? मग 'आढळले' असं लिही. पोल्ट्रीवाल्यांशी बोलण्याचं ठरवलंस ते उत्तम. त्यांनी उद्या कोंबड्या पुरायला सुरुवात केली तर तरसाचं काय होईल, हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, आणि या वेळी उत्तर आधी ठरवून ठेवायचं नाही.

मी मेलखातं पुन्हा उघडलं आहे. शेजारच्या ओमने करून दिलं. पहिलंच पत्र सोलापूर जिल्ह्यातून, करमाळ्याहून आलं होतं. राणी नावाची मुलगी, एम.एस्सी. करते. माझ्या जुन्या पद्धतीने तिच्या भागातलं तरस दहा वर्षांपूर्वीच संपल्याचं धरलं गेलं होतं आणि ती सशांवर काम करत होती. तिने दुरुस्तीची टीप वाचली. लिहिते, मॅडम, आमच्या इथेही कोणी पुन्हा बघितलेलं नाही, मी येत्या आठवड्यापासून जाऊ का?

मी तिला लिहिलं, जा. पाण्याची बाटली मोठी घे, सोबतीला कोणीतरी ने, आणि दिसलं नाही तरी मला कळव.

काल तिचं दुसरं पत्र आलं. तीन माळ पालथे घातले, अजून काही मिळालं नाही. पुढच्या आठवड्यात चौथ्यावर जाणार आहे.

सर्वांना नमस्कार, सायलीला आशीर्वाद. आंबे उतरले की पेटी पाठवते, हैबतरावांना आधी दे.

तुझी
शारदा लिमये